उघड्या तोंडाचा चार

"निळा पडदा आला बघ," अप्पा म्हणाले. दूध उतू गेल्यावर आपण "गेलं" म्हणतो, तेवढ्याच आवाजात.

मी चहाचा कप खाली ठेवला. लॅपटॉपवर खरंच निळा पडदा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांतली दहा-बारा ओळींची तक्रार.

रविवार होता. बार्शीच्या आमच्या घराची पुढची खोली, जिला आम्ही कधी खोली म्हटलं नाही, 'ऑफिस' म्हणायचो. दारावर 'आवटे मुद्रण' अशी पाटी. आत एक टेबल, एक कपाट, गिऱ्हाइकांसाठी बाक, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला अप्पांचा कॉम्प्युटर. तो गणपतीतच बंद पडला होता. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिला आणि पुन्हा झाकण लावून दिलं. म्हणून मी माझा जुना, बुटका लॅपटॉप अप्पांना दिला होता. त्यावर नवी विंडोज होती आणि अप्पांचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम त्या नव्या विंडोजवर चालत नव्हता. त्याला जुनीच लागायची. जुनीची सीडी अप्पांच्या कपाटात व्यवस्थित होती, पण लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नव्हती.

"म्हणजे चावी आहे आणि कुलपाला भोक नाही," अप्पा गणपतीत म्हणाले होते.

मग मी सीडी पुण्याला नेली, आमच्या ऑफिसातल्या एका जुन्या मशीनवर ती पेन ड्राइव्हमध्ये उतरवली, आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू होईल अशी व्यवस्था केली. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. आणि आता हा निळा पडदा.

"काय म्हणतोय?" अप्पांनी विचारलं.

"त्याला डिस्क ओळखू येत नाही. विंडोज जुनी, डिस्क नवी. एक सेटिंग बदलायचं, म्हणजे डिस्क जुन्यासारखी वागते."

"सांगितलं की वागते?"

"वागते."

"गुणी आहे. आमच्याकडे सांगून कोणी ऐकत नाही."

"ऐकू येतंय मला," आतून आई म्हणाली.

मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, ते सेटिंग शोधलं, बदललं. या वेळी पडदा पुढे सरकला. फायली एकामागून एक उतरू लागल्या. अप्पा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि ती पिवळी पट्टी भरताना पाहत राहिले. ते पंचवीस वर्षं एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होते. छापखाना बंद झाला तेव्हा त्यांनी घरात कॉम्प्युटर आणला आणि पन्नाशीत टायपिंग शिकले. बारशापासून तेराव्यापर्यंत गावातली कुठलीही पत्रिका त्यांच्या हातून जायची.

"नवीन पद्धतीत काय वाईट आहे, अप्पा?" मी म्हणाले. "ती शिकलात तर हे सगळं करावंच लागणार नाही. कुठल्याही मशीनवर चालेल."

"त्यात अर्धा 'त' कसा काढतात?"

"पूर्ण 'त' काढायचा आणि त्याचा पाय मोडायचा. मग पुढचं अक्षर."

"हेच. अर्धं अक्षर म्हणजे पाय मोडलेलं अक्षर नव्हे, शैलू. ते अर्धंच असतं. खिळ्यांच्या केसमध्ये त्याचा खण वेगळा होता. माझ्या प्रोग्राममध्ये त्याची कळ वेगळी आहे. धडधाकट अक्षर घ्यायचं आणि त्याचा पाय मोडायचा, ही काय रीत झाली?"

"मशीनला सोपं जातं."

"मशीनला सोपं जावं म्हणून?"

मला हसू आलं, आणि थोडा रागही. आमचा हा वाद जुना होता. त्यांचं म्हणणं कितीही नीट असलं तरी मी त्यात कुठेतरी बोट घालायचीच. मराठी घेऊन एमए केलं होतं, पुण्यात एका प्रकाशकाकडे संपादनाचं काम करत होते, कॉम्प्युटरमधलंही चार जणांपेक्षा जास्त कळायचं. अप्पा सातवी पास.

"एकदा तरी म्हण," ते म्हणाले, "की अप्पा, तुमचं बरोबर आहे."

"असेल तेव्हा म्हणेन."

"मी वाट बघतो," अप्पा म्हणाले.

पडद्यावर तेहतीस मिनिटं शिल्लक दाखवत होतं, तेव्हा मशीननं नंबर मागितला. पंचवीस अक्षरं, पाच-पाचचे पाच गट. सीडीच्या पाकिटावरचा नंबर पुसट होऊन गेला होता, पण अप्पांनी तो पहिल्याच दिवशी आपल्या वहीत उतरवून ठेवला होता. त्यांच्या वहीत सगळं असायचं. शाईचे नंबर, लोकांचे फोन, कुणाच्या घरी कुणाचं नाव पत्रिकेत आधी घालायचं ते.

त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं. "लिही. एम. के. डब्ल्यू..."

दर अक्षरानंतर ते माझं बोट कळीवर पडलंय का ते बघत होते आणि मगच पुढे जात होते. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

"द्या इकडे," मी म्हणाले. "माझी साडेचारची गाडी आहे." आणि वही त्यांच्या हातातून घेतली.

त्यांचं अक्षर छापल्यासारखं स्वच्छ होतं. मी भराभर टाइप केलं. मशीन म्हणालं, नंबर चुकीचा आहे.

मी पुन्हा टाकला. चुकीचा. तिसऱ्यांदा एकेक अक्षर ताडून टाकला. चुकीचाच.

"एखादं अक्षर इकडेतिकडे—" अप्पा म्हणाले.

"तीनदा तपासलं, अप्पा. अक्षरं सगळी बरोबर आहेत. नंबरच खोटा आहे. ही सीडी खरी नाही."

मला तिथंच थांबता आलं असतं.

बार्शीत त्या काळी सगळे दुकानदार फुकटातली कॉपी वापरायचे. अप्पांनी मात्र सोलापूरच्या श्रीनिवास कोडमांकडून खरी, सीलबंद सीडी घेतली होती. कोडमकाकांचं तिथं कॉम्प्युटरचं दुकान होतं. अप्पांशी आधी ओळख झाली ती धंद्यामुळे, मग नुसतीच राहिली. दिवाळीत त्यांच्याकडून आमच्याकडे टॉवेल यायचे आणि आमच्याकडून त्यांच्याकडे शेंगाचटणी जायची. ती सीडी अप्पा गिऱ्हाइकांना दाखवायचे. "दुसऱ्याचं अक्षर छापायचं तर आपलं अवजार तरी चोरीचं नको," असं म्हणायचे.

"कोडमनी दिली आहे ती," अप्पा आता म्हणाले.

"मग कोडमकाकांनी फसवलं तुम्हाला. पहिल्यांदा विंडोज त्यांनीच घालून दिली ना? तेव्हा कुठला नंबर टाकला, कुणी पाहिलं? तुम्हाला पाकिटावर भलताच नंबर दिला. तुम्ही दहा वर्षं तो सांभाळला."

अप्पांनी चष्मा काढला. काचा सदऱ्याला पुसल्या.

"असेल," ते म्हणाले.

मी लॅपटॉप बंद केला. पुढच्या वेळी नवीन पद्धत शिकवते म्हणाले. आईनं शेंगाचटणीचा डबा पिशवीत घातला. अप्पा मला स्टँडवर सोडायला आले, नेहमीप्रमाणे गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

"पुढच्या वेळी शिकव ते नवीन," ते खालून म्हणाले. "शिकतो मी."

मी मान हलवली. इतक्या वर्षांचा वाद त्यांनी एवढ्या लवकर सोडून दिला, याचं मला बरंच वाटलं.

सोमवारी सव्वादहाला आईचा फोन आला. अप्पा आंघोळ करून ऑफिसात जाऊन बसले होते. ती चहा घेऊन गेली तेव्हा खुर्चीतच होते.

याला आता अकरा वर्षं झाली. ते दिवस मला सलग आठवत नाहीत. गुरुवार मात्र सकाळपासून आठवतो.

गुरुवारी सकाळी आई म्हणाली, "पत्रिका काढायची ना?"

दशक्रिया आणि तेराव्याची पत्रिका. शुक्रवारी छापून आली तरच गावोगाव वेळेत पोचली असती.

"शाळेसमोरच्या दुकानात सांगते," मी म्हणाले. "तासाभरात करून देतील."

"नको."

"आई, वेळ नाही."

"गावातल्या सगळ्या गेलेल्या माणसांचं यांनी लिहिलं. यांचं दुसऱ्याच्या अक्षरात नको." तिनं हे रडत म्हटलं असतं तर मला समजूत घालता आली असती. ती भाजी निवडत म्हणाली.

अप्पांच्या सगळ्या फायली लाल दोरा बांधलेल्या एका पेन ड्राइव्हवर होत्या. त्यात निधनाच्या पत्रिकेचा नमुना होता, त्यांची स्वतःची चौकट, स्वतःच्या ओळींची मोडणी. मी तो आधीच, लॅपटॉपवर नवी विंडोज होती तेव्हा, उघडून पाहिला होता. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे आणि चिन्हं यांचा नुसता चिवडा. त्यांचा प्रोग्राम जुन्या विंडोजवर चालल्याशिवाय त्यातला एक शब्द दिसणार नव्हता. आणि ती विंडोज तेहतीस मिनिटांवर अडून बसली होती, एका नंबरासाठी.

मी ठरवलं, कोडमकाकांना फोन करायचा. झालं ते झालं, आता तरी खरा नंबर द्या म्हणायचं. काय शब्दांत म्हणायचं तेही ठरवलं. ते चांगले शब्द नव्हते. अप्पांच्या खुर्चीत बसले आणि त्यांच्या वहीत कोडमांचा फोन शोधला. मोबाइलवर तो दाबू लागले. नऊ. चार.

चारवर माझं बोट थांबलं.

वहीत फोन नंबर मराठी आकड्यांत होता. अप्पा जन्मभर मराठी आकडेच लिहायचे. सुरुवातीचा ९ पाहिला आणि मला ते आपोआप कळलं, म्हणून पुढचा ४ मी चार असाच वाचला. मी पानं उलटून सीडीच्या नंबरावर आले. पंचवीसांपैकी बावीस इंग्रजी अक्षरं. आकडे फक्त तीन. एक दोन, एक तीन. हे दोन्ही मराठीत आणि इंग्रजीत जवळजवळ सारखेच दिसतात. आणि तिसरा, जो मी रविवारी तीनदा आठ म्हणून टाकला होता.

तो वरून उघडा होता.

मी पाचवीत असताना आम्हाला इंग्रजी आकडे सुरू झाले. मी ४ आणि 8 यांचा घोळ घालायची. बाईंनी वहीवर लाल रेघा मारल्या. त्या संध्याकाळी अप्पा मला घरी, याच टेबलावर बसवून म्हणाले होते, "आधी तोंड बघायचं. आपल्या चाराचं तोंड उघडं असतं, तो बोलतो. त्यांचा आठ वरूनखालून मिटलेला, तो गप्प." मग आम्ही स्टँडवर जाऊन एसटीच्या पाट्या वाचल्या. कुठल्या गाडीवर चार बोलतोय, ते मी ओरडून सांगायची. पुन्हा कधी माझा तो आकडा चुकला नाही.

रविवारी ते स्वतः वाचून दाखवत होते. तिथपर्यंत पोचले असते तर "चार" म्हणाले असते.

मी लॅपटॉप उघडला. आठाच्या जागी चार टाकला. मशीननं काहीच कुरकूर केली नाही. तेहतीसची बत्तीस मिनिटं झाली.

दुपारी दोन वाजता अप्पांचा प्रोग्राम सुरू झाला. मला त्याच्या कळा येत नव्हत्या. आई शेजारी येऊन बसली. ती टायपिंग शिकलेली नव्हती, पण दहा वर्षं त्यांची प्रुफं वाचत याच बाकावर बसलेली होती.

"अर्ध्या 'त'ला ते डाव्या करंगळीनं दाबायचे," ती म्हणाली. "तिथं नाही, वर. हां. 'दुःखद'चा विसर्ग बघ, तो नेहमी पुढच्या अक्षराला चिकटतो. ते मधे जागा सोडायचे."

मी जागा सोडली. हळूहळू ओळी उभ्या राहिल्या. चौकटीत 'मुकुंद विठ्ठल आवटे' ही अक्षरं आली तेव्हा आईनं पडद्याजवळ वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"'विठ्ठल'ची जोडणी बरोबर आली," ती म्हणाली. मग पदरानं नाक पुसून, "पण ही चालू कशी झाली? सीडी खोटी होती ना?"

मी पडद्याकडे बघत राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"यांनी. तू गेल्यावर संध्याकाळी पाकीट हातात घेऊन बसले होते. म्हणाले, कोडमनं असं करायला नको होतं. फोन उचलला त्यांना विचारायला, आणि परत ठेवला. म्हणाले, विचारलं तर त्याला वाईट वाटेल. जेवलेही नाहीत नीट." ती थांबली. "त्या माणसाला पत्रिका पाठवू नकोस. यांची शेवटची संध्याकाळ त्यानं खाल्ली."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडात आलंही होतं.

"जमवलं मी कसंतरी," मी म्हणाले.

पाकिटांवर पत्ते मीच लिहिले. कोडमांचा पत्ता वहीत होता, मी ते पान उलटलं.

तेराव्याला जेवणं उरकून लोक पांगले होते. आई आणि मी ऑफिसात बसलो होतो. टेबलावर अप्पांचा फोटो होता. दारात कोडमकाका आले. पिकलेले केस, हातात चपला. आमच्या ऑफिसात कोणी चपला काढत नसे, त्यांनी काढल्या होत्या.

"वहिनी," ते म्हणाले.

आई भिंतीकडे बघत राहिली. मी बाक पुसला. ते बसले नाहीत.

"मला पत्रिका मिळाली नाही," ते म्हणाले. "पोस्टाचा घोळ असेल. परवा माढ्याला एका दुकानात टेबलावर पडलेली दिसली. मजकूर वाचायच्या आधी अक्षर ओळखलं. ती चौकट, त्या ओळी. म्हटलं, वा, आवट्यांचं मशीन सुरू झालं वाटतं. मग उचलून नाव वाचलं."

बाहेर मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते.

"पोस्टाचा घोळ नव्हता," आई म्हणाली. "आम्हीच पाठवली नाही."

"का हो, वहिनी?"

"ते आपल्या मनाला विचारा. आमचा माणूस भोळा होता. तुम्ही द्याल ते खरं मानून दहा वर्षं कपाटात जपून ठेवलं. जायच्या आदल्या दिवशी कळलं त्यांना."

"काय कळलं?"

"सीडी खोटी आहे ते."

कोडमकाकांनी माझ्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरचं काही असलं तर मला ठाऊक असणार, एवढंच त्यांच्या नजरेत होतं. चपला अजून हातातच होत्या.

"मी सील त्यांच्यासमोर फोडलं होतं," ते हळूच म्हणाले. "नंबर त्यांनी पाकिटावरून स्वतः उतरवून घेतला." आणि मग, "पण वहिनी, त्यांना तसं वाटलं असेल तर माझंच काही चुकलं असेल." त्यांनी फोटोला हात जोडले आणि जायला वळले.

त्यांनी भांडण केलं असतं तर कदाचित मी गप्पच राहिले असते.

"काका, थांबा," मी म्हणाले.

खणातून वही काढली, ते पान उघडलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. एका आकड्याखाली बोट धरलं.

"हा वाच."

तिनं चष्मा शोधलाही नाही. "चार," ती म्हणाली. "यांचा चार असाच असतो. का?"

"मी आठ वाचला."

तिला कळेना. मी पुन्हा, सावकाश सांगितलं. "रविवारी अप्पा मला वाचून दाखवत होते. मला गाडीची घाई होती. मी वही ओढून घेतली आणि चारचा आठ केला. तीनदा. सीडी खरी आहे, आई. गुरुवारी हाच नंबर टाकून पत्रिका केली. कोडमकाकांनी काही केलेलं नाही. अप्पांना ते मी सांगितलं, आणि ते खोटं होतं. मला गुरुवारपासून माहीत आहे."

आईनं त्या आकड्यावरून बोट फिरवलं, वरून, जिथं तो उघडा होता तिथून. मग वही मिटून उठली.

"बसा, भाऊजी," ती कोडमकाकांना म्हणाली. "चहा ठेवते." माझ्याकडे न बघता ती आत गेली.

काका बाकावर बसले. चपला त्यांनी पायाशी ठेवल्या, मग उचलून दाराबाहेर नेऊन ठेवल्या आणि परत येऊन बसले. तेही माझ्याकडे पाहत नव्हते. समोर टेबलावर लॅपटॉप उघडाच होता. शेजारी फोटो, आणि त्यामागं रिकामी खुर्ची.

वाट बघतो म्हणाले होते.

"अप्पा," मी म्हणाले. आतल्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "तुमचं बरोबर होतं. चारच होता."